फट बुजवण्याआधी ती हलते का ते बघा

नमस्कार,

गेल्या वर्षीपासून हौस म्हणून सुतारकाम शिकते आहे. आजोळच्या घराची पडवी उतरवली तेव्हा जुन्या सागवानी दाराच्या फळ्या हाती लागल्या. त्यातून यंदाच्या गणपतीसाठी चौरंग करायला घेतला. तीन फळ्या जोडून दीड फूट बाय दीड फुटाचा वरचा भाग केला आणि चारही बाजूंनी दीड इंची पट्टी, कोपरे ४५ अंशांत कापून, फेविकॉल लावून आणि चुका (बारीक खिळे) ठोकून बसवली. मे महिन्यात कोपरे एकदम घट्ट होते. पाऊस सुरू झाला आणि दोन कोपरे उघडले. खाली चार पायांपैकी दोन पायांची जोडी चिकटवून झाली आहे. तिथे पाय आणि आडवी पट्टी यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट राहिली. बाकीचे सांधे सुटे आहेत. शिवाय वरच्या जोडात एका टोकाला केसासारखी रेघ, जुन्या खिळ्यांची भोकं, पटाशी सटकून पडलेली खोच आणि हातोडीचा एक पोचा.

करवतीचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून सगळीकडे भरला, घासला. मग एका कोपऱ्यावर पॉलिशचा हात दिला, तर भरलेल्या जागा ठिगळासारख्या उठून दिसतात. शेजारचे मिस्त्री म्हणतात, पॉलिशचे चार हात बसले की काही दिसत नाही. आमचे काका म्हणतात, एम-सील भर आणि चॉकलेटी ऑइलपेंट मार. चतुर्थीला महिना आहे. काय करू?

– सांधेदुखीने बेजार, नाशिक

ताई,

मिस्त्रींचं म्हणणं आधी निकालात काढू. पॉलिश काही लपवत नाही. कोरड्या, घासलेल्या लाकडावर सगळंच धुरकट दिसतं, त्यात फटही खपून जाते. पॉलिश पडलं की लाकूड गडद होतं, रेषा उठतात, प्रकाश परावर्तित होतो आणि जिथे लाकूड नाही ती जागा लगेच डोळ्यात भरते. तुम्ही एका कोपऱ्यावर हात देऊन बघितलात हे फार बरं केलंत. सगळ्या चौरंगावर मारल्यावर कळलं असतं तर सगळं खरवडत बसावं लागलं असतं. काकांचा उपाय ऑइलपेंटखाली अगदी चालतो. एम-सील कडक होतं, पाण्याला दाद देत नाही, घासता येतं. पण ते अपारदर्शक असतं आणि पॉलिशचा रंग घेत नाही. जुन्या सागाला चॉकलेटी रंग फासायचा नसेल, तर काकांना चहा द्या आणि विषय बदला.

तुमच्या पत्रात पाच-सहा दोष आहेत आणि तुम्ही सगळ्यांवर एकच औषध लावलंत. खरी चूक भुशाची नाही, इथे आहे. यातल्या काही फटी जागच्या जागी आहेत, त्या भरता येतात. एक फट मात्र हलती आहे आणि ती तुम्ही काहीही भरलंत तरी हलणारच. तिच्यापासून सुरुवात करू, कारण चौरंगाचं खरं दुखणं तेच आहे.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. घेतलं की फुगतं, सोडलं की आटतं, पण सगळीकडे सारखं नाही. रेषांच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, लांबीच्या दिशेने हा फरक जवळजवळ शून्य असतो, फळीच्या रुंदीत मात्र चांगलाच जाणवतो. साग त्यातल्या त्यात शांत लाकूड, म्हणून तर दारं-खिडक्यांना पिढ्यान् पिढ्या तेच वापरलं. तरी दीड फूट रुंदीच्या सागवानी फळीत एप्रिलचा कोरडेपणा आणि श्रावणातली दमट हवा यांच्यामध्ये दोन ते चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. फळी खोडाच्या कोणत्या बाजूने चिरली आहे त्यावर आकडा वर-खाली होतो. 'जुनं लाकूड आहे, मेलेलं आहे, आता हलत नाही' असं तुम्हाला दहा जण सांगतील. ऐकू नका. जुनं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, त्यामुळे नव्यासारखं एकदम आक्रसत नाही, हे खरं. पण शंभर वर्षांच्या दाराचीसुद्धा पावसाळ्यात चौकटीला घासायची खोड जात नाही, हे आजोळी तुम्हीच बघितलं असेल.

आता तुमचा चौरंग. वरच्या तीन फळ्या रुंदीत फुगायला बघताहेत. रेषांना समांतर असलेल्या दोन पट्ट्या फळीबरोबर बाहेर सरकू शकतात. रेषांना आडव्या बसलेल्या, म्हणजे फळीच्या टोकांवरच्या दोन पट्ट्या मात्र लांबीत वाढत नाहीत. मधला भाग फुगला आणि कडा तेवढ्याच राहिल्या की माइटरचे, म्हणजे ४५ अंशांत कापून जोडलेले, कोपरे उघडणार, दुसरं होईल काय? तुमचे उघडलेले दोन कोपरे बहुधा एकाच पट्टीच्या दोन टोकांना असतील आणि ती पट्टी रेषांना समांतर असेल. बघून घ्या. तसं असेल तर निदान पक्कं.

अशी फट आज भरलीत तर काय होईल? दिवाळीनंतर हवा कोरडी व्हायला लागली की फळी आटेल, पट्टी परत आत यायला बघेल आणि मध्ये भरलेला मसाला तिला आडवा येईल. मग कोपरा तरी चेपेल, मसाला तरी सुटून पडेल, नाहीतर फळ्यांचा जोड टोकाकडून तडकेल. तिसरी शक्यता सगळ्यात वाईट आणि नेमकी तीच जास्त वेळा घडते. टोकाला दिसणारी केसासारखी रेघ कदाचित याचीच सुरुवात असेल.

म्हणून कोपऱ्यात काहीही भरू नका. आडव्या दोन पट्ट्या काढा. टोकाच्या कापलेल्या रेषांवर फेविकॉल तसाही धड धरत नाही, त्यामुळे पातळ पटाशी आत सारून हळूहळू उचकल्या की सुटतील. चुका पकडीने ओढून घ्या. बाजूच्या दोन पट्ट्या रेषांना समांतर आहेत, त्या राहू द्या. त्यांची ४५ अंशांची टोकं फळीच्या टोकाशी सरळ कापून टाका. मग टोकांना दोन नव्या पट्ट्या, बाजूच्या पट्ट्यांसकट पूर्ण रुंदीच्या, सरळ तोंडाच्या. चिकटवायचं फक्त मधले दोन-तीन इंच आणि तिथेच एक स्क्रू. दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असा की पट्टीतलं त्याचं भोक गोल नसून लांबट असेल. फळी सरकली की स्क्रू त्या भोकात सरकेल. पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू घ्या, साधं लोखंड सागात काळे डाग पाडतं. सध्या पावसाळा आहे, म्हणजे फळी सगळ्यात रुंद अवस्थेत आहे. उन्हाळ्यात या आडव्या पट्टीची टोकं बाजूंपेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर आलेली दिसतील. ती तशी दिसू देत. नवी पट्टी करायला लाकूड उरलं नसेल तर आडव्या पट्ट्या लावूच नका. टोकाच्या रेषा बारीक पॉलिश पेपरने नीट घासल्या की छान दिसतात. मला तर त्या पट्टीपेक्षा बऱ्या वाटतात.

ओघात आलं म्हणून सांगतो, वरचा भाग खालच्या चौकटीला फेविकॉलने चिकटवू नका. तिथेही आतून स्क्रू आणि रेषांना आडवी अशी लांबट भोकं.

एखादी फट हलती आहे की नाही याबद्दल शंका असेल तर कागदाने मोजा. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. घडीचे किती पदर आत जातात ते मोजायचं आणि चौरंगाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने तारखेसकट लिहून ठेवायचं. दोन-तीन आठवडे पाऊस-उघडीप झाली तरी पदर तेवढेच, तर फट जागची आहे.

आता तुमच्या भुशाकडे. फेविकॉल-भुसा सगळेच भरतात, आणि पॉलिशखाली तो सगळ्यांचाच दिसतो. वाळलेला फेविकॉल लाकडाची सूक्ष्म भोकं बंद करतो, मग तिथे रंग शिरत नाही. भुसा उलट गोंदाने भिजून कायमचा काळपट होतो. त्यात करवतीचा भुसा जाडा असतो, त्याचे कण सगळीकडे वेड्यावाकड्या दिशांनी बसतात, त्यामुळे लाकडाच्या रेषेसारखी चमक येत नाही. आणि फेविकॉल पाण्याचा असल्यामुळे वाळताना बसतो. आज सपाट घासलेली जागा पंधरा दिवसांनी खोलगट लागते ती त्यामुळेच. भरलेल्या जागेच्या आजूबाजूला जो फिकट डाग दिसतो, तोही पुसताना पसरलेल्या गोंदाचाच.

हे सगळं काढावं लागेल. कोमट पाण्यात फडकं भिजवून पाच-दहा मिनिटं त्या जागेवर ठेवा, गोंद पांढरट आणि मऊ होतो. मग बोथट सुरीने किंवा हॅक्सॉच्या तुटक्या पात्याने फटीतून ओढून काढा. व्हिनेगरने आणखी लवकर मऊ पडतो. नंतर लाकूड दोन दिवस वाळू द्या. सगळा गोंद गेला की नाही हे बघायला टर्पेंटाइनचा बोळा फिरवा. ओलं लाकूड गडद दिसेल आणि गोंद राहिला असेल तिथे फिकट पट्टा उमटेल. टर्पेंटाइन उडून जातं, लाकूड फुगवत नाही. आणखी एक फायदा आहे, लाकूड पॉलिशनंतर साधारण कुठल्या रंगावर जाईल तो रंग त्या क्षणी दिसतो. पुढे जो काही मसाला कालवाल, तो या ओल्या रंगाशी जुळवायचा. कोरड्याशी जुळवला की पॉलिशखाली फिका पडतो.

पायांकडे वळू. जे सांधे अजून चिकटवलेले नाहीत, त्यांच्यात भरायची काही गरजच नाही, ते करवतीनेच जुळवता येतात. आडव्या पट्टीचं कुसू, म्हणजे तिच्या टोकाची जीभ, पायाच्या भोकात कोरडंच बसवा आणि क्लॅम्प लावा. फट दिसते याचा अर्थ कुसवाचा खांदा, म्हणजे पट्टीची जी कड पायाला टेकायला हवी ती, एखाद्या ठिकाणी उंच राहिली आहे आणि बाकीच्या जागी टेकू देत नाही. बारीक दातांची करवत घ्या, पातं पायाला टेकवा आणि खांदा आणि पाय यांच्यामधल्या रेषेतून हलक्या हाताने ओढा. कुसवाला लागण्याआधी थांबा. चारही बाजूंनी हेच. करवत जिथे लाकूड टेकतं आहे तिथलंच कापते, फटीतून नुसती फिरते. क्लॅम्प पुन्हा आवळला की फट अर्ध्यावर येते. दुसऱ्या फेरीत बहुतेक मिटते. कुसू भोकाच्या तळाला टेकत असेल तर मात्र काही केल्या मिटणार नाही, मग त्याचं टोक मिलिमीटरभर कापा. या पट्ट्यांची लांबी पातं-दोन पातं कमी होईल, तेवढी चौरंगात कळत नाही. फक्त समोरासमोरच्या पट्ट्या सारख्या ठेवा, नाहीतर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहणार नाही.

चिकटवलेल्या जोडीचं काम जरा नाजूक आहे. आधी पाय धरून पिळून बघा. सांधा तसूभर हलत नसेल तर कुसू आत घट्ट आहे आणि फट नुसती दिसण्यापुरती आहे. करकरत असेल तर वरून काही भरून उपयोग नाही, सांधा उघडावाच लागेल. कोमट पाणी आणि धीर, दोन्ही लागतं. कुसू सैल असेल तर त्याच्या गालांवर, म्हणजे सपाट बाजूंवर, रंध्याचं पातळ सालपट चिकटवून ते घट्ट करा, किंवा अराल्डाइट वापरा. फेविकॉल दोन लाकडं एकमेकांना घट्ट टेकली असतील तरच धरतो, रिकाम्या जागेत त्याला ताकद नसते. अराल्डाइटसारखी इपॉक्सी आटत नाही, म्हणून पोकळीत ती चालते. सागाला अंगचं तेल असतं, तेव्हा कुठलाही गोंद लावण्याआधी ताजं घासून थिनरने पुसून घ्या.

सांधा घट्ट असेल तर त्या व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फटीत लाकूडच भरायचं, भुसा नाही. पायांचे जे तुकडे उरले असतील त्यातला, रंग आणि रेषा जुळणारा एक शोधा. रंध्याचं पातं एरवीपेक्षा जरा जास्त बाहेर काढा आणि तुकड्याच्या कडेवरून लांबीच्या दिशेने एकाच दमात सालपट काढा. ते गुंडाळी होऊन निघेल. पाण्याचा हात लावून फडक्याखाली कोमट इस्त्रीने दाबलं की सपाट होतं. पट्टीच्या उंचीपेक्षा थोडं लांब कापा. मग त्याची एक कड १८० नंबरच्या पॉलिश पेपरवर बोटाने दाबून चार-पाच वेळा ओढा, म्हणजे ती कड सुरीच्या धारेसारखी पातळ होईल आणि आत शिरताना अडणार नाही. रेषा पायाच्या रेषांबरोबर उभ्या राहतील असं धरा, म्हणजे सालपट पायाचाच भाग वाटेल. फटीत गोंद कागदाच्या कडेने सारा, आजूबाजूला कागदी टेप चिकटवलेली असू द्या. सालपट सरकवा, वर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने टिचक्या मारा. आत जायचं थांबलं की थांबा. जबरदस्ती केलीत तर शेजारची फट उघडेल. बाहेर राहिलेला भाग रात्रभर तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी धारदार पटाशी पाठीवर सपाट धरून, रेषांच्या दिशेने, पातळ थरांनी तासा. हाताने मोडायला जाऊ नका, मोडलं तर हमखास पृष्ठभागाच्या खालून तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

फटीची रुंदी एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी असेल, तर बारीक करवत एकदाच ओढून ती सारखी करून घ्यावी. फट मोठी केल्यासारखं वाटतं, पण सरळ आणि सारख्या रुंदीच्या चिरेत सालपट नीट बसतं. वेड्यावाकड्या भेगेत ते कुठेतरी लटकून राहतं.

फळ्यांच्या जोडातली केसासारखी रेघ टोकांच्या आडव्या पट्ट्या काढल्यावर आठवडाभर बघा. मिटली तर सोडून द्या. तशीच राहिली तर इथे भुसा चालतो, पण करवतीचा नाही आणि आधी कालवलेलाही नाही. रेघेत गोंद बोटाने घासून भरायचा, वरचा पुसायचा आणि ओला असतानाच १८० नंबरच्या कागदाने त्याच जागी रेषांच्या दिशेने घासायचं. कागदाखालून निघणारी पिठासारखी धूळ त्याच लाकडाची, ती आपोआप रेघेत जाऊन बसते. आजूबाजूचा गोंदही घासून निघतो. यापेक्षा रुंद फटीला हे चालत नाही, खाली बसतं.

खिळ्यांच्या भोकांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जुन्या दाराची फळी आहे, भोकांभोवती गंजाने आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याने काळं कडं धरलं असेल, ते लपवायच्या फंदात पडू नका. फक्त भोक उघडं ठेवणं चौरंगाला बरं नाही. वर पाणी, तेल, पंचामृत, हळदकुंकू सगळं सांडणार आणि भोकात जाऊन बसणार. दुकानात सागाच्या रंगाच्या मेणकांड्या मिळतात, त्या कपाटाला ठीक. इथे निरांजनाच्या उबेने मेण मऊ पडेल. पारदर्शक अराल्डाइटमध्ये चिमूटभर काजळी कालवा, भोक काठोकाठ भरा, चोवीस तासांनी तासा. गडद ठिपका गाठीसारखा दिसतो आणि लाकडात गाठी असतातच. फिका ठिपका मात्र नेहमी दोष वाटतो. रंगाच्या बाबतीत शंका आली की गडदाकडे झुकावं ते यासाठी. सागाच्या रेषांतली भोकं मोठी असतात, इपॉक्सी त्यातून आजूबाजूला पसरून कायमचं ओलसर कडं उमटवते. म्हणून भरण्याआधी भोकाभोवती चपड्याचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा) पातळ हात देऊन घ्या, नंतर तो घासून निघतो.

पोचा आणि खोच यांत फरक करा. हातोडीच्या पोच्यात तंतू नुसते दबलेले असतात, तुटलेले नसतात. ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक टेकवलं की वाफेने ते उठतात. एकदा नाही उठले तर पुन्हा करा. पटाशीच्या खोचेत तंतू कापले गेले आहेत, ते उठणार नाहीत. खोच चौरंगाच्या वरच्या बाजूला नसेल तर मी तिला हात लावणार नाही. वर असेल तर बारीक धूळ घट्ट चपड्यात कालवून भरा. चपडा म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची लाख. स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवली की विरघळते. फेविकॉलऐवजी चपड्यात कालवलेली धूळ पॉलिशचा रंग पुष्कळ बरा घेते, कारण पॉलिशही त्याच जातीचं असतं. रंग जुळत नसेल तर किंचित पिवडी, किंचित गेरू. जुने पॉलिशवाले चॉक मिट्टीत हेच कालवून सागाची सूक्ष्म भोकं बंद करायचे. त्यात पांढरं जास्त झालं तर काही महिन्यांनी रेषांमध्ये पांढुरकेपणा दिसायला लागतो, म्हणून हात राखून.

आणि घाईने रंग जुळवू नका. ताजा तासलेला साग हिरवट-पिवळा, पट्टेरी दिसतो, प्रकाश लागला की काही दिवसांत सोनेरी तपकिरी होतो. जुन्या फळीलाही रंधा मारला की आतून तोच ताजा रंग निघतो. म्हणून सालपटं बसवली, तासली की चौरंग दोन-चार दिवस खिडकीत उजेडात ठेवा, अधूनमधून फिरवा. पाऊस लागणार नाही एवढंच बघा. सालपटं आणि पाय दोन्ही एकत्र पिकतात. त्यानंतर जिथे अजूनही फरक दिसेल तिथेच रंगाचा विचार.

घासताना १२०, १५०, २२० हा क्रम पुरे. फक्त गोंद लावल्याच्या दिवशी घासू नका. गोंदातल्या पाण्याने सांध्याच्या आजूबाजूचं लाकूड फुगलेलं असतं. ते सपाट घासलंत आणि नंतर ते वाळलं, की सांध्यावर खोलगट रेघ राहते आणि पॉलिशवर तिरपा उजेड पडला की ती लगेच दिसते.

पॉलिश कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही. नुसतं स्पिरिट पॉलिश चौरंगाच्या वरच्या बाजूला टिकत नाही. ओल्या तांब्याचं पांढरं कडं उमटतं, गरम भांड्याने चिकट होतं. वरती पीयू (पॉलीयुरेथेनचं पॉलिश) द्या, पायांना आणि बाजूंना स्पिरिट पॉलिश चालेल. पीयूखाली चपड्याचा हात देणार असाल तर तो मेण काढलेला घ्या, मेणावर पीयू नीट धरत नाही. पाऊस चालू असताना स्पिरिट पॉलिश मारू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतला ओलावा धरतो आणि पांढुरकी झाक येते. उघडीप असलेली दुपार बघा. आणि जेवढे हात वर, तेवढे खालच्या बाजूलाही. वरची बाजू बंद आणि खालची उघडी राहिली तर ओलावा एकाच बाजूने येतो-जातो आणि फळी पन्हळीसारखी वाकते.

महिन्याभरात हे सगळं बसवायची धडपड नको. चतुर्थीपर्यंत टोकांच्या आडव्या पट्ट्या, सुटे सांधे आणि सालपटं एवढं झालं तरी खूप. वर चपड्याचा एक पातळ हात द्या, तो वाळायला फार वेळ लागत नाही आणि लाकूड डागांपासून थोडंफार वाचतं. चौरंगावर लाल वस्त्र घालणारच आहात, त्याखाली जाड प्लास्टिकचा एक तुकडा अंथरा. खोच, खिळ्यांची भोकं आणि पीयू विसर्जनानंतर, ऑक्टोबरची कोरडी हवा सुरू झाली की. तेव्हा कागदाचे पदर पुन्हा मोजा आणि खाली लिहिलेल्या आकड्याच्या शेजारी नवा आकडा लिहून मला कळवा.